अमेरिकेचं सरकार ‘बंद’ होतं तेव्हा नेमकं काय बंद होतं?

१ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेचं केंद्र सरकार ‘बंद’ झालं आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री पुन्हा सुरू झालं. मधे आपली अख्खी दिवाळी येऊन गेली. ४३ दिवसांचा हा शटडाऊन तोवरचा सगळ्यात लांबलेला होता. त्याआधीचा विक्रम २०१८-१९ मधल्या ३५ दिवसांचा.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाला कर्मचाऱ्यांचे पगार द्यायला पैसे नसावेत, हे ऐकून कोणीही चक्रावेल. पण पैसे होते. कर गोळा होत होता, कर्जरोखे विकले जात होते, तिजोरीत रोजची आवक सुरू होती. नव्हती ती फक्त तो पैसा खर्च करण्याची कायदेशीर परवानगी. आणि ही परवानगी राष्ट्राध्यक्षांना स्वतःच्या सहीने घेता येत नाही.

गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांना हे चटकन कळेल. बँकेत सोसायटीचे वीस लाख पडून आहेत, चेकबुक सेक्रेटरीच्या कपाटात आहे, पण सर्वसाधारण सभेत वर्षाचं अंदाजपत्रकच मंजूर झालेलं नाही. आता रंगकामाचा चेक फाडायचा तर कोणत्या अधिकाराने? सेक्रेटरी कितीही कर्तबगार असला तरी पैसा सभासदांचा आहे.

१७८७ मधलं एक वाक्य

अमेरिकेची राज्यघटना १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात लिहिली गेली. तिच्या पहिल्याच कलमात, नवव्या भागात, एक छोटं वाक्य आहे. त्याचा आशय असा: कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून एक पैसाही काढता येणार नाही. कायदा करते काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणारी तिथली संसद. अशा खर्चमंजुरीच्या कायद्याला तिकडे ‘अॅप्रोप्रिएशन’ म्हणतात, आपल्याकडे विनियोजन विधेयक. या लेखात नुसतं ‘मंजुरी’ म्हणू.

ही अट घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्लंडचा इतिहास होता. पहिल्या चार्ल्स राजाने १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षं संसद बोलावलीच नाही आणि जहाजांच्या नावाखाली परस्पर कर वसूल केला. त्याचा शेवट यादवी युद्धात आणि राजाचं शीर उडण्यात झाला. अमेरिकेतल्या वसाहतींनीही हाच धडा आपल्या पद्धतीने गिरवला होता. राजाने पाठवलेला गव्हर्नर डोईजड झाला की स्थानिक विधानसभा त्याचा पगारच अडवून ठेवायची.

म्हणून घटनाकारांनी सत्तेची वाटणी करताना सैन्य एकाच्या हाती दिलं आणि पैसा दुसऱ्याच्या. राष्ट्राध्यक्ष सरसेनापती खरे, पण भूसेनेसाठीची कोणतीही मंजुरी दोन वर्षांपेक्षा जास्त काळाची असू शकत नाही, असंही त्याच कलमात लिहून ठेवलं. कायमस्वरूपी सैन्याची त्या पिढीला मनापासून भीती होती. जेम्स मॅडिसन यांनी घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी ५८ व्या निबंधात तर सरळच म्हटलंय, की तिजोरीवरचा ताबा हे लोकप्रतिनिधींच्या हातातलं सगळ्यात प्रभावी हत्यार आहे.

म्हणजे शटडाऊनच्या बातम्यांमध्ये जो अडेलतट्टूपणा दिसतो, तो ठरवून ठेवलेला आहे. पैशासाठी राष्ट्राध्यक्षाला दुसऱ्यांच्या दारात उभं राहावं लागणं, हीच तर योजना होती.

मग पहिली दोनशे वर्षं कुलूप का लागलं नाही?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. नियम १७८७ चा आहे, पण आजच्या अर्थाने कार्यालयं बंद होणं सुरू झालं १९८० मध्ये.

एकोणिसाव्या शतकात सरकारी खात्यांनी एक युक्ती शोधली होती. वर्षभराचा पैसा सहा-आठ महिन्यांत उडवायचा आणि मग काँग्रेसकडे जायचं: ‘कामं झालीत, लोकांची देणी थकलीत, आता तुम्हीच बघा.’ काँग्रेसला मुकाट्याने पैसे द्यावे लागत. (आपल्याकडे विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्यांच्या आकड्यावरून जी ओरड होते, तिचं हे जुनं भावंड.) याला लगाम घालायला १८७० आणि १८८४ मध्ये कायदे झाले: मंजुरीपेक्षा जास्त देणं अंगावर घ्यायचं नाही, आणि ‘पगार नंतर द्या’ म्हणून कोणाकडून फुकट कामही करून घ्यायचं नाही. जाणूनबुजून मोडणाऱ्या अधिकाऱ्याला आज दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही १९७० च्या दशकात मंजुरी चुकली की खाती जरा हात आखडून, प्रवास-खरेदी थांबवून काम चालूच ठेवत. पैसे मागाहून मिळतीलच, हे गृहीत धरलेलं असे. एप्रिल १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लेखी मत दिलं, की असं गृहीत धरणं बेकायदा आहे. मंजुरी नाही म्हणजे काम नाही. १ मे १९८० रोजी फेडरल ट्रेड कमिशन एक दिवस बंद राहिलं, आणि तिथून आजची पद्धत पडली. पुढच्याच जानेवारीत त्यांनी दुसरं मत देऊन अपवाद सांगितला: माणसाचा जीव किंवा मालमत्ता वाचवण्याचं काम थांबवायची गरज नाही.

तेव्हा घटनाकारांच्या नावाने शटडाऊनचं कौतुक करणाऱ्यांनी आणि त्यांच्याच नावाने बोटं मोडणाऱ्यांनीही जरा थांबावं. मंजुरीची अट त्यांची. दारं लावून घेण्याची पद्धत मात्र सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातून आणि १९८० च्या एका सरकारी वकिलाच्या मतातून आली.

दरवर्षी गाडी अडते कुठे?

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी बारा वेगवेगळी मंजुरी विधेयकं दोन्ही सभागृहांत पास होऊन त्यांवर राष्ट्राध्यक्षांची सही व्हायला हवी. १ ऑक्टोबरला वर्ष सुरू करण्याची पद्धत १९७६ पासूनची. तेव्हापासून आतापर्यंत सगळी विधेयकं वेळेत झाल्याची उदाहरणं फक्त चार आहेत: आर्थिक वर्ष १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. बाकी सगळी वर्षं तात्पुरत्या मंजुरीवर सुरू झाली. गेल्या वर्षीच्याच दराने काही आठवडे खर्च करा, अशी ती परवानगी, आपल्या लेखानुदानासारखी. तीही वेळेत झाली नाही तर शटडाऊन.

काय चालू राहतं, काय थांबतं

सरकारी कामांचे इथे चार ढीग पडतात.

पहिला, ज्यांची मंजुरी दरवर्षी लागत नाही असे खर्च. निवृत्तांचं सोशल सिक्युरिटी पेन्शन, ज्येष्ठांचा मेडिकेअर विमा, कर्जावरचं व्याज. हे कायमच्या कायद्याने चालतं. केंद्राच्या खर्चाचा मोठा भाग हाच आहे. दरवर्षीच्या मंजुरीवर साधारण चौथा हिस्सा अवलंबून असतो.

दुसरा, स्वतःच्या फीवर चालणारी कामं.

तिसरा, जीव-मालमत्तेच्या अपवादात बसणारी कामं. हवाई वाहतूक नियंत्रक, विमानतळावरचे तपासनीस, तुरुंगाचे पहारेकरी, सीमेवरचे अधिकारी, सैनिक. यांना कामावर यावंच लागतं, पगार मात्र थकतो. चौथ्या ढिगातल्या लोकांना घरी बसवतात. त्याला ‘फर्लो’ म्हणतात. दोघांनाही थकलेला पगार नंतर मिळतो, तशी हमी २०१९ च्या कायद्यात आहे. पण सरकारी इमारतींत झाडलोट करणारे, कॅन्टीन चालवणारे, कंत्राटी सुरक्षारक्षक यांना अशी हमी नाही. त्यांचे बुडालेले दिवस बुडालेच.

तिसऱ्या ढिगातच शटडाऊनचा खरा ताण साठत जातो. २५ जानेवारी २०१९ ला नियंत्रकांच्या गैरहजेरीमुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं थोड्या वेळासाठी रोखावी लागली, आणि त्याच दिवशी ३५ दिवसांचा तिढा सुटला. २०२५ मध्ये ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करण्याचा आदेश निघाला, सुरुवात ४ टक्क्यांपासून. पुढच्या आठवड्यात तोडगा निघाला. कार्यालयांच्या दारांवरच्या पाट्यांनी कोणी हलत नाही. विमानं अडकली की हलतात.

गरिबांची दखल मात्र इतक्या वेगाने घेतली जात नाही. ‘स्नॅप’ ही अन्नधान्याची मदत २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना मिळत होती. कार्डावर दर महिन्याला रक्कम जमा होते आणि दुकानात ती वापरून किराणा घेता येतो. योजना कायमची, पण पैसा दरवर्षीच्या मंजुरीतून येतो. त्यामुळे नोव्हेंबरची रक्कम अडकली आणि राखीव निधी वापरायचा की नाही यावर खटले उभे राहिले.

एच-वन-बी वाल्यांचं काय होतं?

पुण्या-मुंबईहून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर तिकडे गेलेल्या बहुतेकांना प्रश्न असतो तो हा. उत्तर वरच्या ढिगांतच आहे: ज्या कार्यालयाकडे तुमचा कागद अडकलाय ते फीवर चालतं की मंजुरीवर?

यूएससीआयएस, म्हणजे कंपनीने भरलेल्या व्हिसाच्या याचिका आणि ग्रीन कार्डाचे अर्ज तपासणारी संस्था, जवळजवळ पूर्णपणे अर्जदारांच्या फीवर चालते. ती बंद होत नाही. वकिलातीतलं व्हिसाचं काम, म्हणजे मुंबईत बीकेसीत होणारं स्टँपिंगसुद्धा, मुख्यतः फीवरच चालतं.

पण एच-वन-बीची याचिका दाखल करायच्या आधी कंपनीला कामगार खात्याकडून एलसीए मंजूर करून घ्यावा लागतो. या कामासाठी इतका पगार देऊ, इथल्या कामगारांवर अन्याय करणार नाही, असं ते हमीपत्र असतं. एरवी सात कामाच्या दिवसांत मिळतं. कामगार खातं मात्र मंजुरीवर चालतं. १ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं ऑनलाइन पोर्टल बंद झालं आणि ऑक्टोबरअखेरीपर्यंत नवा एलसीए निघेना. एलसीए नाही म्हणजे याचिका नाही. यूएससीआयएसचं दार सताड उघडं, पण आत जायचा कागदच हातात नाही.

याचा फटका कोणाला? नोकरी गेल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्या लोकांना सगळ्यात जास्त. नवी कंपनी ऑफर देऊन बसलेली असते आणि घड्याळ चालू असतं. शटडाऊनमुळे झालेला उशीर माफ करण्याचा अधिकार यूएससीआयएसकडे आहे, पण तो तिच्या मर्जीचा, तुमच्या हक्काचा नाही.

दुसरा गट ग्रीन कार्डाच्या पहिल्या पायरीवरचा. ‘पर्म’, म्हणजे परदेशी माणसाला कायमची नोकरी देण्यासाठी कंपनीने मागायच्या परवानगीचा अर्जही कामगार खात्याकडेच जातो, आणि तो ज्या तारखेला दाखल होतो तीच रांगेतली तुमची प्रायॉरिटी डेट ठरते. भारतीयांची रांग किती लांब आहे ते वेगळं सांगायला नको. शिवाय पर्मसाठी आधी दिलेल्या नोकरीच्या जाहिराती १८० दिवसांत शिळ्या होतात. आणि एच-वन-बीची सहा वर्षं संपल्यावर खंड न पडता मुदतवाढ हवी असेल तर पर्म पाचवं वर्ष संपायच्या आत दाखल झालेला असावा लागतो किंवा ग्रीन कार्डाची पुढची याचिका मंजूर असावी लागते. ज्यांचं पाचवं वर्ष ऑक्टोबरमध्ये भरतं, त्यांना पोर्टल बंद असणं परवडत नाही.

बहुमत एकाच पक्षाचं होतं ना, मग अडलं कुठे?

२०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहं रिपब्लिकन पक्षाकडे होती. सिनेटमध्ये त्यांचे १०० पैकी ५३. पण तिथल्या नियमानुसार चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात. डेमोक्रॅट्सनी आरोग्य विम्याच्या वाढीव सवलती वर्षाअखेर संपू देऊ नका, अशी अट घातली आणि मतं दिली नाहीत. नोव्हेंबरमध्ये विरोधी गटातल्या आठ जणांनी मंजुरीच्या बाजूने मत दिलं, ६० चा आकडा गाठला गेला, आणि ३० जानेवारी २०२६ पर्यंतची तात्पुरती मंजुरी मिळाली. विमा सवलतींचा प्रश्न त्यात सुटला नाही.

साठ मतांचा हा नियम राज्यघटनेत नाही. तो सिनेटने स्वतःसाठी केलाय आणि आजच्या रूपात १९७५ पासूनचा आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी ‘फेडरलिस्ट’च्या २२ व्या निबंधात विशेष बहुमताच्या अटींविरुद्ध लिहिलं होतं: अल्पमताला नकाराधिकार मिळतो आणि कारभार ठप्प होतो. तेव्हा ‘घटनाकारांनी मुद्दामच सिनेटमध्ये साठची अट ठेवली’ असं कोणी टीव्हीवर सांगत असेल तर ते चूक आहे.

राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून पैसे दिले तर?

इथे मामला गुंतागुंतीचा होतो, आणि खरं तर शटडाऊनपेक्षा महत्त्वाचा.

१५ ऑक्टोबर २०२५ ला सैनिकांचा पगार थकणार होता. ट्रम्प सरकारने संरक्षण संशोधनासाठी मंजूर झालेला, पण न वापरलेला पैसा तिकडे वळवला. त्यात भर म्हणून एका खासगी देणगीदाराने सैनिकांच्या पगारासाठी १३ कोटी डॉलर दिले. सैनिकांना पगार मिळाला याचं कोणाला वाईट वाटेल? पण संशोधनासाठी मंजूर झालेला पैसा पगारात वळवायला कोणत्या कायद्याने परवानगी दिली, याचं समाधानकारक उत्तर अनेक घटनातज्ज्ञांना मिळालं नाही. श्रीमंताच्या देणगीतून सैन्याचा पगार हे तर १७८७ च्या मंडळींच्या अंगावर काटा आणणारं होतं. दोन वर्षांची मर्यादा त्यांनी घातली ती सैन्याने कायम लोकप्रतिनिधींच्याच तोंडाकडे बघावं म्हणून.

याची उलटी बाजूही आहे: काँग्रेसने मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षांनी खर्चच केला नाही तर? थॉमस जेफरसन यांनी १८०३ मध्ये युद्धनौकांचे ५०,००० डॉलर खर्च न करता ठेवले होते, गरज उरली नाही म्हणून. त्यावर कोणी फार रागावलं नाही. रिचर्ड निक्सन यांनी मात्र न पटणाऱ्या योजनांचे कोट्यवधी डॉलर अडवले. त्यावर काँग्रेसने १९७४ मध्ये कायदा केला: पैसा रद्द करायचा असेल तर प्रस्ताव पाठवा; काँग्रेसच्या अधिवेशनाच्या ४५ दिवसांत तिने मान्यता दिली नाही तर तो खर्च करावाच लागेल.

या ४५ दिवसांतच फट आहे. प्रस्ताव ऑगस्टच्या शेवटी पाठवला तर ४५ दिवस पुरे व्हायच्या आत ३० सप्टेंबर उजाडतो, वर्ष संपतं आणि मंजुरीच मरते. ऑगस्ट २०२५ मध्ये ४९० कोटी डॉलरची परदेशी मदत अशीच अडवली गेली. काँग्रेसचे हिशेब तपासणारी संस्था जीएओ, म्हणजे आपल्या ‘कॅग’ची तिकडची बहीण, हा मार्ग बेकायदा मानते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला तात्पुरता आदेश देऊन पैसा रोखून ठेवू दिला.

पाचच दिवसांनी शटडाऊन सुरू झाला, आणि दोन्ही गोष्टींचा संबंध उघड आहे. विरोधी पक्षाने वाटाघाटी करून एखादी रक्कम मंजूर करून घेतली आणि नंतर राष्ट्राध्यक्षांनी ती खर्चच केली नाही, तर वाटाघाटीला अर्थ काय? करारावर विश्वास उरला नाही की प्रत्येक मंजुरी अधिक अवघड होते. माझ्या मते शटडाऊन लांबण्यामागचं हे कारण विमा सवलतींपेक्षा खोल आहे, आणि ते एका निवडणुकीने जाणार नाही.

खासदारांचे पगार कसे चालू राहतात?

लोकांना सगळ्यात जास्त चीड याचीच येते. त्यांच्या पगाराची मंजुरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कायमची आहे, दरवर्षी नव्याने लागत नाही. ‘त्यांचाही थांबवा’ म्हणावं तर सत्ताविसावी घटनादुरुस्ती आड येते: खासदारांच्या पगारात बदल करणारा कायदा पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होतो. ही दुरुस्ती मॅडिसन यांनी १७८९ मध्ये सुचवली आणि ती मंजूर झाली १९९२ मध्ये. जवळजवळ २०३ वर्षं! सरकारी फाईल लांबण्याचा जागतिक विक्रम आपला नाही, हे वाचून बरं वाटतं.

भारतात असं का होत नाही?

नियम आपल्याकडेही तोच आहे. राज्यघटनेचं २६६ वं कलम सांगतं, की संचित निधीतून कायद्याशिवाय पैसा काढता येणार नाही. फरक व्यवस्थेचा आहे. आपल्याकडे सरकार लोकसभेच्या बहुमतातूनच जन्मतं. लोकसभेने खर्च नाकारला तर सरकार पडतं, कार्यालयं चालू राहतात. राज्यसभेला धनविधेयक चौदा दिवसांपलीकडे अडवता येत नाही. आणि वेळ अपुरा असेल तर ११६ व्या कलमाचं लेखानुदान आहेच. महाराष्ट्रानेही २०२४ च्या फेब्रुवारीत लेखानुदानावर भागवलं आणि पूर्ण अर्थसंकल्प जूनमध्ये मांडला.

किंमत आपणही मोजतो, वेगळ्या चलनात. लोकसभेत मुदत संपत आली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या ‘गिलोटिन’ लावून चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. अमेरिकेत पैशावर भांडण जास्त होतं. आपल्याकडे तपासणी कमी होते. यातलं कोणतं बरं, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात.

मंजुरी चुकली तर जुन्याच दराने खर्च आपोआप चालू राहावा, असे प्रस्ताव अमेरिकेतही वारंवार येतात. सामान्य कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते ताबडतोब व्हायला हवं. पण मग काँग्रेसच्या हातातलं मॅडिसन यांचं ते हत्यार बोथट होतं. पैसा तसाही येणारच असेल तर राष्ट्राध्यक्षाला कोणाचं ऐकायची गरज काय?

पुढच्या वेळी बातमी आली तर

आधी बघा, बारापैकी किती विधेयकं मंजूर झालीत. ज्या खात्याचं विधेयक झालंय ते बंद होत नाही. २०२५ च्या तोडग्यात शेती, माजी सैनिक आणि खुद्द काँग्रेस यांच्या वर्षभराच्या मंजुऱ्या आधीच उरकल्या, त्या याच हिशेबाने. प्रत्येक खात्याचा बंदच्या काळातला आराखडा त्याच्या संकेतस्थळावर असतो. कोण घरी बसणार, कोण येणार, ते तिथे आकड्यांसकट मिळतं. ‘कर्जमर्यादे’ची बातमी आली तर ती वेगळी: तिथे आधीच मंजूर झालेल्या खर्चासाठी उधारी करायची परवानगी संपलेली असते.

आणि घरात कोणाची एच-वन-बीची मुदतवाढ किंवा नोकरीबदल वर्षाअखेर असेल तर कंपनीच्या वकिलाला ऑगस्टमध्येच गाठा. एलसीए कामाच्या तारखेच्या सहा महिने आधीपर्यंत भरता येतो. ३० सप्टेंबरच्या आत मंजूर होऊन हातात आला, की कामगार खातं बंद असो वा चालू, याचिका थेट यूएससीआयएसकडे जाते.